एक गाय पिकात शिरते तेव्हा: फुलानी गुराखी आणि शेतकऱ्यांचं भांडण मिटतं कुठे

पहाटे शेतकरी रानात येतो आणि बघतो तर हुरड्यात आलेली ज्वारी आडवी झालेली. कणसं खुडलेली, ताटं मोडलेली, ओल्या मातीत खुरांचे ठसे खोल रुतलेले. रात्री कधीतरी तीस-चाळीस गाई इथून गेल्यात. ठसे कुठल्या दिशेला गेले ते दिसतंय, आणि ते कुणाच्या तळाकडे जातात याचाही त्याला अंदाज आहे.

आता तो काय करतो, यावर पुढचं सगळं ठरतं. गावच्या प्रमुखाकडे गेला तर चार दिवसांत भरपाई ठरू शकते. पोलीस चौकीत गेला तर दोन्हीकडचे पैसे जातात आणि प्रकरण लोंबकळत राहतं. कोयता घेऊन ठशांच्या मागे गेला तर संध्याकाळपर्यंत एखादी गाय मरते, कधी गुरं राखणारा पोरगा मरतो. मग त्या पोराचे भाऊ येतात.

पश्चिम आफ्रिकेत, सेनेगलपासून कॅमेरूनपर्यंतच्या पट्ट्यात आणि सगळ्यात जास्त नायजेरियात, गेल्या काही दशकांत गुराखी आणि शेतकरी यांच्या मारामाऱ्यांत हजारो माणसं मेली आहेत. आपल्यापर्यंत बातमी पोचते ती ‘ख्रिश्चन-मुस्लीम हिंसाचार’ किंवा ‘हवामान बदलामुळे पेटलेलं युद्ध’ अशा मथळ्याखाली. दोन्हींत काही अंशी तथ्य आहे. पण या मथळ्यांनी भांडण इतकं मोठं होतं की ते मिटवायला हात कुठे घालावा तेच कळत नाही. मला हा विषय वाचताना सतत जाणवत आलंय ते असं, की हे भांडण मिटतं किंवा पेटतं ते त्या शेताच्या बांधावर, पहिल्या आठवड्यात. राजधानीतल्या परिषदांचा उपयोग तेव्हाच होतो, जेव्हा त्यांचं काही तरी त्या बांधापर्यंत पोचतं.

आधी माणसं समजून घेऊ.

फुलानी हा आफ्रिकेतला एक फार मोठा समाज. त्यांची संख्या अडीच ते चार कोटींच्या दरम्यान असावी असे अंदाज आहेत. त्यांची भाषा फुलफुल्दे, धर्म बहुतेकांचा इस्लाम. यातले बरेचसे आज गावात, शहरात स्थिर झालेले आहेत. कुणी शेती करतं, कुणी व्यापार, कुणी शिकवतं. २०१५ ते २०२३ या काळात नायजेरियाचे अध्यक्ष असलेले मुहम्मदू बुहारी फुलानीच होते. गुरांमागे वर्षभर फिरणारे फुलानी हा त्या समाजाचा एक भाग आहे, सगळा समाज नव्हे. हे सुरुवातीलाच सांगायला हवं, कारण ‘फुलानी’ म्हटलं की बंदूकधारी, असं समीकरण तिकडच्या वर्तमानपत्रांत आणि आता मोबाइलवर इतकं रुजलंय की वाटाघाटीला बसायच्या आधीच अर्धी बोलणी फिसकटतात.

फिरत्या फुलान्यांची गुरं पाहिली तर आपल्याकडच्या माणसाला खिल्लारची आठवण येईल. पांढरी, उंच, वशिंडाची, लांब वळणदार शिंगांची. कुटुंबाची सगळी मालमत्ता म्हणजे ही गुरं. बँक, विमा, मुलीचं लग्न, म्हातारपणाची सोय, सगळं त्यातच. कळपांच्या प्रत्येक गटाचा एक म्होरक्या असतो, त्याला अर्डो म्हणतात. आणि वागण्याची एक रीत असते, तिला पुलाकू म्हणतात. त्या रितीत सगळ्यात वरचा गुण मुन्याल, म्हणजे सोसण्याची ताकद, धीर. दुसरा सेम्तेन्दे, म्हणजे लाज, भीड, आपल्यामुळे आपल्या माणसांची मान खाली जाऊ नये ही जाणीव. हे दोन शब्द लक्षात ठेवा, भरपाईच्या बोलण्यात ते कामाला येतात.

समोरच्या बाजूला शेतकरी कोण? नायजेरियाच्या उत्तरेत हौसा, मधल्या पट्ट्यात तिव, बेरोम, बचामा असे कितीतरी समाज. उत्तरेकडे ज्वारी, बाजरी, चवळी, भुईमूग. (पहिली तिन्ही आपल्याकडे आफ्रिकेतूनच आली, त्यामुळे त्या शेताचं चित्र डोळ्यांसमोर आणायला आपल्याला फार कष्ट पडू नयेत.) बेन्वे नदीच्या खोऱ्यात याम, आपल्या कोनफळाच्या जातीचा मोठा कंद. बहुतेक कुटुंबं एका हंगामावर वर्षाची बेगमी करतात. म्हणजे एकाचं सगळं धन चार पायांवर फिरतंय आणि दुसऱ्याचं जमिनीत रुजलंय.

आता या दोघांचं वर्ष पाहू. पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, उत्तरेला गवत चांगलं असतं आणि माश्या कमी. कळप तिथे राहतात. नोव्हेंबरपासून गवत वाळतं, पाणवठे आटतात, मग कळप दक्षिणेला, नद्यांच्या काठांकडे सरकतात. एप्रिल-मेमध्ये पहिला पाऊस पडला की परत उत्तरेला. आता अडचण बघा. कळप दक्षिणेला निघतात तो काळ आणि पीक काढणीचा काळ एकमेकांना लागून आहेत. पंधरा दिवस लवकर आले तर पीक उभं असतं. परतायला पंधरा दिवस उशीर झाला तर पेरणी झालेली असते. सगळा तंटा या पंधरा-पंधरा दिवसांच्या फटींत दडलेला आहे.

शतकानुशतकं ही फट सांभाळली गेली, कारण दोघांनाही एकमेकांची गरज होती. सुगी झाली की शेतात धसकटं आणि ताटं उरत. त्यावर गुरं चरत, आणि रात्री तिथेच बसत. शेताला खत मिळे. कळप आपल्याच शेतात बसावा म्हणून शेतकरी गुराख्याला धान्य देत, पाणी देत. फुलानी बायका भोपळ्याच्या तुंब्यांत आंबवलेलं दूध घेऊन बाजाराला येत आणि बदल्यात बाजरी नेत. उत्तर नायजेरियात आजही रस्त्यावर मिळणारं ‘फुरा दा नोनो’ म्हणजे शेतकऱ्याच्या बाजरीचे उकडलेले गोळे गुराख्याच्या ताकासारख्या दुधात कालवलेले.

हे वाचून मराठी माणसाला मेंढ्यांचा वाडा आठवला नाही तरच नवल. फलटणकडचे हटकर धनगर दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जातात, भात निघालेल्या खाचरांत मेंढ्या बसवतात, शेतकरी त्यांना धान्य किंवा पैसे देतो. व्यवहार तोच. पण एक फरक फार महत्त्वाचा आहे. धनगर आणि शेतकरी एक भाषा बोलतात, एकाच राज्याचे मतदार असतात, पुष्कळदा एकाच देवाला जातात. नायजेरियात तसं नाही. तिथे ‘मूळ रहिवासी’ आणि ‘उपरे’ असा भेद कागदावर आहे. मूळ रहिवासी असल्याचा दाखला स्थानिक सरकार देतं, आणि नोकरी, शिक्षण, जमीन यांत त्याचा आधार लागतो. एखादं फुलानी कुटुंब तीन पिढ्या एकाच तालुक्यात राहत असलं तरी त्याला हा दाखला नाकारला जाऊ शकतो. दाखला नसेल तर गुराख्याने जमीन कुणाकडून आणि कोणत्या हक्काने घ्यायची?

जुनी घडी का विस्कटली

एकच कारण सांगणारा माणूस भेटला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. इथे बऱ्याच गोष्टी एकावर एक साचल्या.

पहिली, लोकसंख्या. १९६० साली स्वातंत्र्य मिळालं तेव्हा नायजेरियात साडेचार कोटींच्या आसपास लोक होते. आज वीस कोटींच्या वर आहेत. देशाचं क्षेत्रफळ मात्र महाराष्ट्राच्या तिप्पट, तेवढंच. पडीक जमीन लागवडीखाली आली, आणि गुरांच्या वाटा नांगरल्या गेल्या. हौसा भाषेत या वाटांना ‘बुर्ताली’ म्हणतात. आपल्याकडे पाणंद रस्ता दोन्ही बाजूंनी नांगरत नांगरत बैलगाडीपुरता उरतो, तसंच. जिथे शंभर गाई आरामात जायच्या तिथे आता दोन पिकांच्या मधून चिंचोळी पट्टी उरली. एक गाय दचकली तरी शेतात शिरणार.

उत्तर नायजेरियाच्या सरकारने १९६५ मध्ये चराई राखीव क्षेत्रांचा कायदा केला होता. एकूण ४१५ क्षेत्रं ठरली. त्यांतल्या बहुतेकांची हद्द कधी नीट आखलीच गेली नाही. मग १९७८ च्या जमीन कायद्याने प्रत्येक राज्यातली जमीन त्या राज्याच्या राज्यपालाच्या ताब्यात दिली. (तिथला राज्यपाल निवडून आलेला असतो, आपल्या मुख्यमंत्र्यासारखा.) जी क्षेत्रं कागदावर पक्की नव्हती ती हळूहळू शेतीत, घरांत, वजनदार लोकांच्या मळ्यांत गेली. वहिवाट होती, पण वहिवाटीची नोंद नव्हती.

दुसरी गोष्ट नदीकाठच्या ओल्या जमिनीची. हौसात तिला फदामा म्हणतात. उन्हाळ्यात सगळीकडे गवत संपलं की गुरांचा शेवटचा आधार हीच जमीन. १९९० च्या दशकात जागतिक बँकेच्या पैशावर फदामा विकास प्रकल्प आला. शेतकऱ्यांना पंप मिळाले, विहिरी मिळाल्या, कांदा, टोमॅटो, मिरची उन्हाळ्यातही पिकू लागली. शेतकऱ्याच्या बाजूने हे उत्तम झालं. पण आखणी करताना गुराख्याला कुणी विचारलं नाही. त्याचा उन्हाळा गेला.

तिसरी गोष्ट लहान वाटते, पण मला ती फार बोलकी वाटते. पूर्वी सुगीनंतरची ताटं सर्वांची असत. आता शेतकरी ती कापून, पेंढ्या बांधून घरी नेतो, भुईमुगाचा पाला वाळवून बाजारात विकतो. त्यात त्याची चूक नाही, चाऱ्याला भाव आहे. पण ज्या शेतात गुराखी पाहुणा म्हणून यायचा, तिथे आता त्याच्यासाठी काही उरलेलं नसतं. आणि शेणखताऐवजी रासायनिक खताची गोणी आली तेव्हा शेतकऱ्यालाही त्याची वाट पाहायचं कारण उरलं नाही.

चौथी, दक्षिणेची दिशा. दमट दक्षिणेत त्से-त्से माशी असते, ती चावली की गुरांना जीवघेणा रोग होतो. त्यामुळे कळप एका मर्यादेपलीकडे जात नसत. औषधं आली, जंगल तुटलं, माशी मागे हटली. साहेल म्हणजे सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला लागून असलेला कोरडा पट्टा. १९७० आणि १९८० च्या दशकांतल्या तिथल्या भयंकर दुष्काळांनी कळप आणखी खाली लोटले. तिथे ते अशा लोकांत पोचले ज्यांच्याशी ना दूध-धान्याची जुनी देवाणघेवाण होती, ना भाषेची ओळख. उत्तरेत भांडण मिटवणारे जुने दुवे होते, इथे तेही नव्हते.

आणि त्यावर बंदुका. २०११ नंतर लिबियातली शस्त्रं सगळ्या साहेलभर पसरली. वायव्य नायजेरियात, झमफारासारख्या राज्यांत, गुरं चोरणाऱ्या सशस्त्र टोळ्या उभ्या राहिल्या. गुराख्यांनी कळप वाचवायला बंदूक घेतली, शेतकऱ्यांनी गाव वाचवायला रक्षक दलं काढली, त्या दलांनी वाटेत दिसेल त्या फुलान्याला मारलं, काही फुलानी पोरं टोळ्यांत गेली. झमफारातले हौसा शेतकरी आणि फुलानी गुराखी दोघेही मुस्लीम आहेत. ज्यांना हे केवळ धर्मयुद्ध वाटतं त्यांनी तिथे एकदा पाहावं.

तरी धर्म आणि इतिहास बाजूला सारता येत नाहीत. १८०४ मध्ये उस्मान दान फोदियो या फुलानी धर्मगुरूच्या नेतृत्वाखाली जिहाद झाला आणि सोकोटोची मोठी सत्ता उभी राहिली. मधल्या पट्ट्यातल्या समाजांकडे त्या काळातल्या गुलामांसाठीच्या धाडींच्या आठवणी आहेत. आज ज्वारी तुडवणारा पोरगा आणि दोनशे वर्षांपूर्वीचा घोडेस्वार यांचा काही संबंध नसतो. पण ज्याची ज्वारी तुडवली गेली त्याला तो संबंध दिसतो, आणि मध्यस्थाला ते गृहीत धरूनच बोलावं लागतं.

बंदीने काय झालं

मध्य नायजेरियातलं बेन्वे राज्य स्वतःला ‘देशाचं धान्याचं कोठार’ म्हणवतं. गावोगाव माणसं मारली जात होती, २०१६ मध्ये अगाटू भागात तर मोठं हत्याकांड झालं होतं. २०१७ मध्ये राज्याने उघड्यावर गुरं चारायलाच बंदी घातली. ज्याला गुरं पाळायची त्याने जमीन घेऊन, कुंपण घालून, बंदिस्त पाळावीत. कायदा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, म्हणजे नेमका कळप दक्षिणेला उतरायच्या वेळी. १ जानेवारी २०१८ ला गुमा आणि लोगो या तालुक्यांत हल्ले झाले. ११ जानेवारीला मकुर्डी शहरात ७३ शवपेट्या एकत्र पुरल्या गेल्या.

शेतकऱ्यांची बाजू मला पूर्ण कळते. गाय तुझी, तर तिच्या चाऱ्याची जबाबदारीही तुझी, असं ते म्हणतात, आणि ज्याने घरची माणसं पुरली आहेत त्याला ‘सहजीवन’ हा शब्द ऐकवणं क्रूरपणाचं आहे. पण कायदा व्यवहारात चालेल का हा प्रश्न वेगळा. जमीन मिळवायला दाखला लागतो, तो गुराख्याकडे नाही. कुंपण, विहीर, लागवडीचा चारा याला भांडवल लागतं, ते मिळवायचं तर कळप विकावा लागतो. आणि कळप राज्याच्या सीमेवर पोचलेला असताना मागे गवत संपलेलं असतं. बंदीमुळे चांगला गुराखी राज्य सोडून गेला, शेजारच्या राज्यांत गर्दी झाली. ज्याच्याकडे बंदूक होती तो गेला नाही.

मार दोन्ही बाजूंनी बसला आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये अदामावा राज्यात नुमानजवळच्या फुलानी वस्त्यांवर हल्ला झाला. पुरुष गुरांमागे गेलेले होते, मेली ती बहुतेक बायका-मुलं. जून २०१७ मध्ये मांबिला पठारावरही फुलान्यांवर असेच हल्ले झाले. अॅम्नेस्टी इंटरनॅशनलने जानेवारी २०१६ ते ऑक्टोबर २०१८ या काळातले किमान ३,६४१ मृत्यू मोजले, त्यांतले निम्म्याहून जास्त एकट्या २०१८ मधले. त्याच संस्थेने सरकारवर ठपका ठेवला की मारेकऱ्यांवर खटले चालत नाहीत. हा मुद्दा पुढे परत येणार आहे.

केंद्र सरकारने २०१९ मध्ये ‘रुगा’ नावाने गुराख्यांसाठी वसाहतींची योजना काढली. रुगा म्हणजे फुलानी वस्ती. नावावरूनच दक्षिणेत आणि मधल्या पट्ट्यात संशय उसळला की बुहारी आपल्या लोकांना आमची जमीन देतायत. जुलै २०१९ मध्ये योजना थांबवावी लागली. त्याच वर्षी दहा वर्षांचा राष्ट्रीय पशुधन परिवर्तन आराखडाही आला, त्यात राज्यांनी आपखुशीने चराई कुरणं उभारायची होती. तो फार हळू सरकला. २०२१ मध्ये दक्षिणेच्या राज्यपालांनी असाबा शहरात एकत्र येऊन उघड्या चराईवर बंदीचा ठराव केला. २०२४ मध्ये अध्यक्ष टिनुबू यांनी पशुधनासाठी स्वतंत्र मंत्रालय काढलं.

बंदिस्त गोपालन हे दूरचं उत्तर असू शकेल. त्याला मी विरोध करत नाही. पण नायजेरियात सुमारे दोन कोटी गुरं आहेत, आणि पावसाचा भरवसा नसलेल्या उत्तरेत ती वर्षभर एका जागी पोसणं शक्य नाही. फिरणं हा तिथल्या हवामानाचा हिशोब आहे. तेव्हा पुढची कित्येक वर्षं कळप फिरणारच, असं धरूनच चालावं लागेल.

काय चालतं

शेजारचा नायजर हा देश (नायजेरिया नव्हे, त्याच्या उत्तरेचा) नायजेरियापेक्षा कितीतरी गरीब. तिथे भांडणं नाहीत असं नाही. पण त्याने दोन गोष्टी कायद्यात घातल्या. १९९३ च्या ग्रामीण संहितेखाली जमिनीचे तंटे पाहणाऱ्या समित्या निघाल्या, त्या गावपातळीपर्यंत. त्यांत अधिकारी, पारंपरिक प्रमुख, शेतकरी, गुराखी सगळे बसतात. आणि २०१० च्या आदेशाने गुराख्याचं फिरणं हा त्याचा मूलभूत हक्क मानला. शिवाय तिथे एक साधी, फार उपयोगी प्रथा आहे. दरवर्षी सुगीनंतर ‘शेतं मोकळी’ झाल्याची तारीख जाहीर होते. तारखेच्या आधी गुरं शेतात शिरली तर दोष गुराख्याचा. तारखेनंतर कुणी पीक उभं ठेवलं तर राखणीची जबाबदारी त्याची. मघाशी पाहिलेली ती पंधरा दिवसांची फट या तारखेने भरून निघते. दोष कुणाचा यावर वाद घालायची गरजच उरत नाही, फक्त किती नुकसान झालं तेवढं मोजायचं राहतं.

नायजरच्या शेजारच्या माली या देशात ही कल्पना आणखी जुनी आहे. नायजर नदीच्या आतल्या त्रिभुज प्रदेशात एकोणिसाव्या शतकात सेकू अमादू याच्या मासिना राज्याने पुराच्या पाण्यावर वाढणाऱ्या बुर्गू गवताची वाटणी ठरवून दिली होती. कोणत्या कळपाने आधी जायचं, कोणी मागून, कुठल्या घाटावरून नदी ओलांडायची. जोवरो नावाचे कुरणप्रमुख ते सांभाळत. आजही कळप कधी उतरणार याच्या तारखा शेतकरी, गुराखी, कोळी आणि अधिकारी एकत्र बसून ठरवत आलेत. दियाफाराबेला गुरं नदी पोहून पार होतात तो उत्सव युनेस्कोच्या वारसा यादीत आहे. मात्र नुसत्या परंपरेवर विसंबून चालत नाही, हेही मालीनेच दाखवलं. काही जोवरो परक्या कळपांकडून जबर पैसे घेऊ लागले, गरीब गुराखी त्यांच्यावर चिडले, आणि त्या चिडीचा फायदा जिहादी संघटनांनी उठवला. मार्च २०१९ मध्ये ओगोसागू गावात दीडशेहून जास्त फुलानी मारले गेले. अशा ठिकाणीही २०२१ मध्ये कोरो भागात दोगोन शेतकरी आणि फुलानी यांच्यात स्थानिक करार झाले. शेतात जायला, गुरं न्यायला, बाजारात यायला एकमेकांना अडवायचं नाही, एवढंच त्यांचं सार. ‘शांतता’ या मोठ्या शब्दापेक्षा बाजारात जाण्याची परवानगी ही कलमात लिहिता येते आणि पुढच्या आठवड्यात तपासताही येते.

नायजेरियातही उदाहरणं आहेत. जिगावा राज्याने वाटा आणि कुरणं आखून खुणा रोवल्या, गावापासून वरपर्यंत समित्या नेमल्या ज्यांत शेतकरी, गुराखी आणि पोलीस एकत्र असतात. शेजारच्या राज्यांच्या मानाने तिथे बरीच शांतता राहिली आहे. फदामा प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात पहिल्या टप्प्याची चूक सुधारली गेली. शेतकरी, गुराखी, कोळी यांचे गट एकाच संघात बसले आणि पैसा कशावर खर्चायचा ते एकत्र ठरवू लागले. मर्सी कॉर्प्स या संस्थेने मधल्या पट्ट्यात दोन्हीकडच्या म्होरक्यांना वाटाघाटीचं शिक्षण दिलं आणि दोघांच्या मिळून समित्यांना विहीर, बाजाराची शेड अशा सामाईक कामांसाठी पैसे दिले. नंतर तपासलं तेव्हा त्या गावांत एकमेकांकडे जाणं-येणं वाढलेलं दिसलं.

आता पुन्हा त्या ज्वारीच्या शेतात जाऊ.

भरपाई नीट ठरते तेव्हा ती अशी ठरते. शेतकरी सकाळीच गावच्या प्रमुखाला सांगतो. प्रमुख अर्डोला निरोप धाडतो. दोन्हीकडचे दोन-तीन जाणते त्याच दिवशी, ठसे पुसायच्या आत, शेत चालून बघतात. आपल्या भाषेत पंचनामाच. ठसे एका कळपाचे की दोन, शेत वाटेत घुसलेलं होतं का, पीक कोवळं होतं की हुरड्यात हे बघतात. कोवळं असेल तर पुन्हा फुटेल, हुरड्यातलं गेलं ते गेलं. मग नुकसान पोत्यांत धरतात. अर्डो ते त्या कुटुंबाकडून गोळा करतो. इथे सेम्तेन्दे कामाला येतं, भरपाई टाळणाऱ्या पोराने सगळ्या गटाची मान खाली घातलेली असते. पुष्कळदा शेतकरी शेवटी काही भाग सोडून देतो. त्या सोडण्याची किंमत फार असते, कारण पुढच्या वर्षी तोच कळप तिथूनच जाणार असतो.

हे मोडतं तेही ठरलेल्या जागी मोडतं. कळप दूरच्या शहरातल्या एखाद्या श्रीमंताचा असतो, राखणारा पंधरा-सोळा वर्षांचा पगारी पोरगा, अर्डोला तो ओळखतही नाही. अशा वेळी मालक शोधून त्याला हजर करणं हे सरकारचं काम आहे, गावकऱ्यांच्या आवाक्यातलं नाही. कधी प्रमुखानेच गुरांची वाट पैसे घेऊन कुणाला तरी विकलेली असते. कधी पोलीस दोघांकडून पैसे घेतात आणि तारखा देतात. प्रकरण महिनाभर लांबलं की शेतकऱ्याच्या घरात धान्य संपत आलेलं असतं, आणि ज्याने कोयता उचलला तो मूर्ख नव्हता असं गाव म्हणू लागतं. म्हणून वेग हा मला इथे सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. थोडी कमी भरपाई चौथ्या दिवशी मिळाली तर ती पूर्ण भरपाई सहा महिन्यांनी मिळण्यापेक्षा मोलाची.

आणि खून झाला असेल तर? तिथे पंचनामा आणि पोती पुरत नाहीत. नेमकी इथेच बऱ्याच मध्यस्थांची चूक होते. दोन्ही समाजांचे पुढारी हात मिळवतात, फोटो निघतो, आणि ज्याने गाव जाळलं तो मोकळा फिरतो. मग उरलेले लोक समाजालाच दोषी धरतात, कारण माणूस म्हणून कुणालाच दोषी धरलेलं नसतं. नाव घेऊन खटला चालवला तर उरलेल्या हजारो फुलान्यांच्या किंवा तिव लोकांच्या डोक्यावरचं ओझं उतरतं. गुराख्यांच्या संघटनांशी, त्यांतली मोठी मियेती अल्लाह, बोलणं आवश्यक आहे. पण रानातला प्रत्येक कळप त्यांचं ऐकतो असं धरून केलेला करार पहिल्याच हंगामात फसतो.

जून २०२५ मध्ये बेन्वेतल्या येलवाटा गावात रात्री हल्ला झाला आणि शंभराहून जास्त माणसं मारली गेली. बेन्वेत आज अनेक शेतकरी कुटुंबं निर्वासितांच्या छावण्यांत आहेत, त्यांची शेतं ओस पडलीत. अनेक फुलानी कुटुंबं कळप गमावून दुसऱ्या राज्यांत गेलीत, त्यांना कुणी निर्वासितही म्हणत नाही.

नोव्हेंबरात उत्तरेचं गवत वाळलं की कळप पुन्हा निघतील. त्याआधी ऑक्टोबरात दोन्हीकडची चार माणसं एका झाडाखाली बसवता आली पाहिजेत. कोणत्या शेतात याम अजून जमिनीत आहे, कोणती वाट नांगरली गेली, पाणी कुठे पाजायचं, पहिला कळप कुणाचा आणि कोणत्या दिवशी, नुकसान झालं तर सकाळी कुणाला निरोप द्यायचा, एवढं त्या दिवशी ठरवायचं.